नॉर्वे, विनामोबदला

आमचं घर चार मजल्यांचं होतं आणि त्यात मला झोपायला खोली नव्हती. करावे गावात तेव्हा बहुतेकांची हीच तऱ्हा होती. शेतं आणि मिठागरं शहरासाठी सरकारने घेतली, मग ज्याच्याकडे गावठाणात जी काही जागा उरली तिच्यावर त्याने खोल्या चढवल्या आणि भाड्याने दिल्या. आमच्या वर भाडोत्री, शेजारी भाडोत्री, जिन्याखालीसुद्धा एक भाडोत्री. बाजारात ओझी उचलणारे साताऱ्याकडचे लोक, कंपनीत जाणारी पोरं, शिवणकाम करणारी एक बाई आणि तिच्या लेकी. एखादी खोली रिकामी झाली की मला वाटायचं, आता ही आपली. पण मी आईजवळ विषय काढेपर्यंत दादाने कुणाचं तरी डिपॉझिट घेतलेलं असायचं. मी झोपायचे हॉलमध्ये, आईच्या मासळीच्या फ्रीजरला लागून. तो फ्रीजर मधूनच हुडहुडी भरल्यासारखा थडथडायचा आणि गप्प व्हायचा. सकाळी वरून कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. आमच्या दारासमोरून सगळ्या घराची येजा, त्यामुळे चहा पिताना, वेणी घालताना, भांडताना कुणी ना कुणी चप्पल घालत उभं असायचंच. लोक म्हणायचे, तुमचं काय बाबा, तुम्ही घरमालक. मी मनात म्हणायचे, मालक असेल तो असेल, मी तर बिनभाड्याची भाडोत्री आहे.

आई नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. शाळा सुटली की मी तिच्या पाटीमागे जाऊन बसायचे. मला जे काही येतं ते तिथे आलं. गिऱ्हाईक पापलेटकडे बघत असलं तरी त्याला न्यायचे असतात बोंबील, हे नजरेवरून ओळखायचं. भाव आपण आधी सांगायचा नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचा. आणि आईने मला कितीदा तरी ऐकवलेलं: "पयल्या भावाला ज्यानं मान हलवली ना बाय, त्याला आपन सवस्तात दिली म्हनून समज." माझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच की ती हसत भाव करायची आणि माझं डोकं तापायचं. एकदा एका साहेबाने माझ्या हातातला बांगडा नाकाला लावून परत पाटीत टाकला, तर मी तोच उचलून त्याच्या पिशवीत कोंबला आणि म्हटलं, आता वास घेतलास तर पैसे दे. आईने नंतर त्याची माफी मागितली, पण पैसे परत केले नाहीत.

कॉलेज अर्धवट सोडून मी वाशीच्या एका मॉलमध्ये नोकरीला लागले. दुकान ट्रेकिंगच्या सामानाचं होतं. पाठीवरच्या मोठ्या बॅगा, बूट, तंबू, झोपायच्या पिशव्या. बॅगा रिकाम्या टांगल्या की त्या मरगळून खाली येतात, म्हणून रोज सकाळी त्यात रद्दी पेपर भरून त्या फुगवायच्या, हे माझं पहिलं काम. मग गिऱ्हाइकाच्या पाठीला ती लावायची, पट्टे आवळायचे आणि म्हणायचं, बघा सर, वजन कळतच नाही. कळणार कसं, आत रद्दी. लोक स्वित्झर्लंडला चाललेले असायचे, जपानला चाललेले असायचे, आणि ऐटीत सांगायचे की तिकडे सगळं भयंकर महाग आहे. जणू महागाई बघायलाच चालले होते. मी एकेकाला विचारत सुटले, सगळ्यात महाग देश कोणता? एका पोक्त बाईंनी बूट घालता घालता सांगितलं, "नॉर्वे. तिथे पाण्याची बाटली घेताना रडू येतं." मी हसले, पण ते डोक्यात बसलं. जिथे भाव सगळ्यात चढा, तिथेच घासाघीस करायला जास्त जागा, हे मला बाजाराने शिकवलेलं. मला डोंगर बघायचे नव्हते, बर्फ बघायचा नव्हता. मला त्या देशाला खाली उतरवायचं होतं.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी दुपारच्या रिकाम्या वेळात वाचत बसायचे. आणि एके दिवशी मला त्या महागाईला पडलेलं भोक सापडलं. नॉर्वेत म्हणे मोकळ्या रानात, डोंगरावर, पाण्याकाठी, जागा कुणाच्याही मालकीची असो, तंबू ठोकून झोपता येतं. पेरलेलं शेत सोडायचं, कुणाच्या घराजवळ जायचं नाही, एकदोन रात्रींनी पुढे सरकायचं, बस. भाडं नाही, डिपॉझिट नाही. मी ते तीनदा वाचलं. जगातल्या सगळ्यात महाग देशात झोप फुकट होती, आणि पाण्याच्या बाटलीवर रडणाऱ्या त्या बाईंना ते माहीतच नव्हतं. स्टाफला सवलत मिळायची, त्यात मी मांडून मांडून जरा कळकट झालेला एक तंबू आणखी भाव पाडून मागितला. मॅनेजर वैतागून म्हणाला, "वैशाली, तू गिऱ्हाईक असतीस तर मी दुकान बंद केलं असतं." तंबू घेतला. बॅगही घेतली, आतल्या रद्दीसकट.

घरी सांगितलं ते जेवताना. आईने खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत होत्या. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ अनंत, मोबाइलवर बोलत जेवत होता. त्याची बायको, म्हणजे आमची नावडे गावची वहिनी, वाढत होती. मी म्हटलं, मी नॉर्वेला जाणार आहे, एकटी, पाठीवर बॅग घेऊन, आणि तंबूत राहणार आहे.

"उघड्यावर?" आई म्हणाली.

"उघड्यावर नाही गं. तंबूत."

"म्हंजे उघड्यावरच ना. इथं सगला गाव आपल्याकडं भाड्यानं झोपतो आनि आपली पोर परक्या देशात फुटपाथवर?"

"फुटपाथ नाही आई, रान. कुणाच्याही रानात झोपलं तरी चालतं तिकडे. कायदाच आहे."

वहिनी फस्सकन हसली. दादाने मोबाइल बाजूला ठेवून म्हटलं, "टेन्शन नाय, तिकडे झोपडपट्टी टाकून ये. आपण मग रेग्युलर करून घेऊ."

बाबा तोपर्यंत जेवत होते. ते जमिनीच्या विषयावरच बोलायचे, बाकी वेळ टीव्हीसमोर बसून असायचे. त्यांची शेतं गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण खाडीकडच्या नव्या टॉवरांकडे बोट दाखवून ते अजून सांगायचे, ही आमची खाचरं, हा आमचा बांध. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि मला विचारलं, "जमीन कोनाची म्हनलीस?"

"असेल कुणाची तरी. मालक असतो."

"मालक हाय. आनि तो कुनाला हाकलत नाय?"

"नाही."

"आनि कोन झोपला म्हनून ती त्याची व्हत पन नाय?"

"नाही बाबा. सकाळी तंबू गुंडाळायचा आणि निघायचं."

बाबांनी भाकरी परत उचलली. मग म्हणाले, "मंग सरकार येतंच असंल मोजायला." आणि जेवू लागले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही. नॉर्वेबद्दल आमच्या घरात कुतूहल असलेला तेवढा एकच माणूस होता, आणि त्याचाही त्या देशावर विश्वास नव्हता.

आईने विरोध सोडला नाही, पण तयारी सुरू केली. आमच्याकडे असंच असतं, नको म्हणता म्हणता बांधून देतात. तिकडे विकतचं खायचं नाही हे मी ठरवलंच होतं. आईने गच्चीवर भाडोत्र्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या बाजूला करून बोंबील वाळत घातले. जवळ्याची चटणी इतकी कोरडी केली की हातातून वाळूसारखी गळायची. तांदळाचं पीठ, भाजलेले पोहे, कोकमं. शिवणकाम करणाऱ्या बाईने, आम्ही तिला मावशी म्हणायचो, चटणीच्या पुड्यांना जुन्या रेनकोटची पिशवी शिवून दिली, वास बाहेर येऊ नये म्हणून. वास बाहेर आलाच. माझी बॅग, तंबू आणि मी, तिघांना सुक्या मासळीचा वास लागला. मी आईला सांगितलं की नॉर्वेत पण मासे वाळवतात, मोठमोठ्या लाकडी मांडवांवर. तिने विचारलं, "मीठ लावतात का नुसतेच?" मला सांगता आलं नाही. ती म्हणाली, "जाऊन आलीस की सांग." त्या दिवसापुरतं मला वाटलं की मी खरंच जाणार.

व्हिसासाठी पहिल्या एकदोन रात्रींचा तरी मुक्काम दाखवावा लागतो, असं मॅनेजर म्हणाला. मी एका हॉस्टेलला ईमेल केला, की तुमच्याकडे गर्दी नसते तेव्हा येतेय, बिछाना स्वतःचा आणतेय, भाव काय ते नीट सांगा. उत्तर आलं एका ओळीचं: दर सर्वांसाठी एकच आहे. मी लिहिलं, मग राहू दे, दुसरीकडे बघते. बाजारात असं म्हणून चार पावलं टाकली की मागून हाक येतेच. मी आठवडाभर हाकेची वाट बघितली. शेवटी त्याच दराने, दात ओठ खात, तोच बिछाना घेतला.

पण खरी अडचण होती बँकेची. खात्यात बऱ्यापैकी रक्कम काही महिने पडून असल्याशिवाय ते लोक दारात उभं करत नाहीत. माझ्या खात्यात पगार यायचा आणि घरात विरघळायचा. भाड्याचे पैसे सगळे दादाकडे. बाबांकडे मागावेत तर ते म्हणायचे, अनंताला विचार. वर्षभर सगळा पगार जपला असता तरी मी त्या रकमेच्या जवळ पोचले नसते. मी महिनाभर धुसफुसत हिंडले. वहिनीच्या हातून एक ताट फुटलं, तर मी इतकी ओरडले की वरचे भाडोत्री जिन्यात येऊन उभे राहिले.

तेव्हा दादा स्वतःहून आला. मी गच्चीवर बोंबील परतत होते. तो टाकीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "किती पाहिजेत खात्यात?"

मी सांगितलं.

"टाकतो. व्हिसा होईपर्यंत ठेव, मग परत दे. तुझं काम होऊ दे."

"आणि तुझं काम काय आहे?"

तो हसला. "तू ना, आईच्या वरताण आहेस. प्लॉटच्या कागदावर एक सही लागेल. हक्कसोड."

हे इथे सांगायला हवं. घेतलेल्या शेतीपोटी सरकारने आमच्यासारख्यांना मूळ जमिनीच्या साडेबारा टक्के हिशेबाने भूखंड दिले होते. आमचाही एक होता. काटेरी कुंपण, आत रान माजलेलं, आणि दादाला त्यावर इमारत बांधून देणारा एक बिल्डर मिळालेला. बिल्डरला कागद स्वच्छ हवा होता, म्हणजे त्यात बहिणीचं नाव नको होतं. आमच्या गावांत यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बहीण सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो, माहेर शाबूत राहतं. सही न करणारीचं माहेर तुटतं, गणपतीला बोलावणं येत नाही. माझ्या आईने मामांना सही दिली तेव्हा तिला हिरवी नऊवारी मिळाली होती. वहिनीने नावड्याला भावांना सही दिली तेव्हा पैठणी आणि मिक्सर. शेजारच्या कुंदाने तर स्कूटी उकळली होती, तिची गावभर वाहवा झाली. हा आमच्याकडचा चालू भाव.

आणि मी, नेरूळच्या बाजारात वाढलेली, त्या चालू भावाला धरून बसले. मी म्हटलं, "नुसतं खात्यात ठेवून नाही चालणार. तिकीट पण तुझं."

"बरं."

"जाऊन येऊन."

"आता तिकडेच राहशील का? जाऊन येऊनच."

"आणि चांगलं जॅकेट. स्टाफ डिस्काउंट धरून नाही, छापील किमतीचं."

"घे."

प्रत्येक गोष्टीला त्याने मान हलवली. मी खाली उतरले ती जिंकल्याच्या तोऱ्यात. हिरवी नऊवारी कुठे, स्कूटी कुठे आणि नॉर्वे कुठे! करावे गावात आजवर एकाही बहिणीने एवढं वसूल केलं नव्हतं. आज हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात. आईचं ते वाक्य मी हजारदा ऐकलं होतं, गिऱ्हाइकांवर वापरलं होतं. मग माझा भाऊ समोर बसून पहिल्या भावाला मान हलवत होता तेव्हा ते मला का नाही आठवलं? कारण सोपं आहे. तो भाऊ होता. भावाला गिऱ्हाईक कोण समजतं? त्याने मात्र मला बरोबर ओळखलं होतं.

सही व्हायच्या आदल्या दिवशी गावाच्या कमानीजवळ फ्लेक्स लागला. दादा तेव्हा नगरसेवकपदासाठी धडपडत होता, त्याला फ्लेक्सचं निमित्त लागायचंच. 'करावे गावची सुकन्या नॉर्वे दौऱ्यावर, हार्दिक शुभेच्छा'. माझा फोटो कुंदाच्या लग्नातला, मागे कुणाचा तरी कोपर आलेला. खाली दादाचा फोटो, हात जोडलेला, माझ्यापेक्षा दुप्पट मोठा. मी त्याच्याशी भांडले, म्हटलं अजून व्हिसा नाही, विमान नाही, हसं होईल. तो म्हणाला, "सही झाली की सगळं झालं." त्या संध्याकाळी किराणावाल्याने माझ्याकडून दुधाचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे रजिस्टर ऑफिसला. बाबा इस्त्रीच्या शर्टात, आई ठेवणीतल्या पातळात, वहिनीच्या हातात साडीची पिशवी, कारण नॉर्वे असलं तरी साडी द्यावीच लागते. बाकड्यांवर आमच्यासारखीच कुटुंबं बसलेली, नटलेली, लग्नाला आल्यासारखी. आमचा वकील घाईत होता. त्याने कागद पुढे केला आणि बोटाने सहीची जागा दाखवली. मी म्हटलं, वाचून दाखवा. भाव ठरला तरी माल बघून घ्यायचा, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरी कसलीही शंका नव्हती. तो घडाघडा वाचू लागला: "...मी माझा सदर मिळकतीतील संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध माझे बंधू यांच्या लाभात प्रेमापोटी, स्वखुशीने व विनामोबदला कायमचा सोडून देत आहे..."

"थांबा," मी म्हटलं. "विनामोबदला म्हणजे?"

"म्हणजे काही न घेता, ताई."

"पण मी घेतलंय. घेणार आहे. आमचं ठरलंय."

वकील हसला. "ते घरातलं हो. कागदावर असंच लिहितात."

"असं कसं? मी फुकट देत नाही. तिकीट, जॅकेट, सगळं ठरवून घेतलंय. तसं लिहा. मोबदला, नॉर्वे."

बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. खरं सांगते, तेव्हा मला प्लॉट वाचवायचा नव्हता. माझ्या डोक्यात दुसरंच पेटलं होतं. मी एवढी घासाघीस केली, गावात कुणाला जमला नाही असा सौदा केला आणि कागदावर मी फुकट देणारी बावळट म्हणून कायमची नोंदली जाणार? माझा आवाज चढला. दादा दातांतल्या दातांत बोलला, "वैशू, तमाशा करू नको. घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? इथे लिही की."

वकील मला समजावू लागला, आणि तिथेच त्याचं चुकलं. तो म्हणाला, "ताई, मोबदला लिहिला ना, की मग तुमच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत काढावी लागते. तिच्यावर स्टॅम्प. तुमच्या तिकिटाएवढा मोबदला लिहिला तर साहेब हसतील हो आम्हाला."

"का हसतील?"

"आता तुमच्या हिश्शात..." तो दादाकडे बघून थांबला.

"माझ्या हिश्शात काय?"

शेजारच्या बाकड्यावरचा एक म्हातारा, आमचा कोणी लागत नव्हता, आपणहून म्हणाला, "तुज्या हिश्शात पोरी तू अख्खं विमान घेशील."

लोक हसले. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला खरा भाव कळला की विकणाऱ्याचं तोंड जसं होतं, तसं ते झालं होतं. मी पेन वकिलाच्या टेबलावर ठेवलं. आपटलं असं वहिनी अजून सांगते, पण मी ठेवलं. म्हटलं, "मी सही करत नाही."

बाबा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. दादा मला काय काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही. कारण त्याच्या मुलींनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. मीही त्याला बोलले. एवढंच लिहिते की तो शेवटी म्हणाला, "जा मग, तुझ्या हिश्शावर बसून राहा," आणि बाबांना, वहिनीला गाडीत घालून निघून गेला. आई आणि मी रिक्षाने आलो. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "माज्या कागदावर पन तेच लिवलं असंल?"

"काय?"

"ते. विना..."

"हो आई. तेच असतं."

"मना कोनी वाचून नाय दाखवलं." आणि थोड्या वेळाने, "साडी बरी होती पन."

संध्याकाळपर्यंत दादाने माझ्या खात्यात टाकलेली रक्कम गेली. म्हणजे मीच चेक लिहून दिला, घरात कुणी तोंडाने मागितलाही नाही, फक्त चेकबुक माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. फ्लेक्स मात्र राहिला. दादा तो काढेना, काढला तर गावाला कारण सांगावं लागलं असतं. मी रोज त्याच्याखालून कामाला जायचे आणि यायचे. काही दिवसांनी लोकांना वाटू लागलं की मी जाऊन आले. किराणावाल्याने विचारलं, "मग, कसा काय होता देश?" मी म्हटलं, महाग. बॅगेतली चटणी आम्ही पावसाळ्यात खाल्ली. मला घरातून कुणी हाकललं नाही, आमच्यात तसं करत नाहीत. वहिनी मला वाढायची, पण काय हवं ते विचारायची नाही. दादा माझ्याशी वहिनीमार्फत बोलायचा, मी शेजारी बसलेली असताना. बाबा गेले, त्यांनी शेवटपर्यंत या विषयावर एक शब्द काढला नाही, ना माझ्या बाजूने ना त्याच्या.

मी पुढे मासळीच्या धंद्यात उतरले, स्वतःचा बर्फ, स्वतःच्या गाड्या, हॉटेलांना माल. कुणाचा पैसा घेतला नाही. सीवूड्सला माझा फ्लॅट आहे, त्यात मला झोपायला खोली आहे, आणि रिकामी पडलेली आणखी एक. नॉर्वे मला आता जड नाही. दुकानातल्या त्या बाईंसारखी मीही पाण्याची बाटली घेऊन रडू शकते. पण मी गेलेले नाही. लोक विचारतात का, तर मी धंद्याचं नाव सांगते. खरं कारण असं की प्लॉट अजून तिथेच आहे. बिल्डर बदलले, दर चढले, काटेरी कुंपण गंजलं, माझी सही नाही म्हणून वीट रचली गेली नाही. मी दोन दिवस अलिबागला गेले तरी मला वाटतं, परत येईन तेव्हा तिथे बांधकामाचे पत्रे लागलेले असतील. तीन आठवडे, समुद्रापलीकडे, डोंगरात, फोन लागणार नाही अशा ठिकाणी? छे. त्या जमिनीवर मी एक रात्र झोपलेले नाही, तिच्यातून एक रुपया घेतलेला नाही, आणि तिला सोडून कुठे जाताही येत नाही. हे मला दादाने केलं. मी हे कुणालाही सांगते आणि सांगत राहीन.

मागच्या वर्षी आईचं वर्षश्राद्ध होतं. दादा आता थकलाय, नगरसेवक कधीच झाला नाही. पानं उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. वहिनीमार्फत नाही, स्वतः. हात चोळत म्हणाला, "वैशू, जाऊन ये गं तिकडे एकदा. तिकीट मी काढतो."

"आणि सही?"

"सही नको. मरू दे तो प्लॉट. तू जा."

"मग तुला काय पाहिजे?"

"काय नाय. असंच."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर माणसांची तोंडं वाचून मी पोट भरलंय, त्यातला डाव मला पापणी हलायच्या आत दिसतो. मी खूप शोधला. तिथे काहीच नव्हतं. म्हाताऱ्या भावाचं तोंड होतं, बस. ज्याचा भाव कळत नाही असा माल मी कधी हातात धरलेला नाही.

"बघू," मी म्हटलं, आणि पदर खोचून ताटं उचलायला लागले.